पहिल्या रांगेतली मधली खुर्ची

ताईचं स्टूल विंगेतून गायब झालं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

तसं ते स्टूल म्हणजे काही सिंहासन नव्हतं. तीन पायांचं, त्यातल्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, बसलं की कुरकुरणारं. पण त्याच्यावर बसून ताईनं अर्धं आयुष्य नाटकांना शब्द पुरवले होते. रंगमंचावर नट अडखळला की डाव्या विंगेतून पुढचा शब्द त्याच्यापर्यंत पोचवायचा, आणि तोसुद्धा असा की पहिल्या रांगेतल्या माणसालाही सुगावा लागता कामा नये. प्रॉम्प्टिंग म्हणतात त्याला. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, असं ताई स्वतःच सांगायची. दुसरं कोण सांगणार? नटाचं नाव जाहिरातीत, लेखकाचं जाहिरातीत, अगदी खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याचंही जाहिरातीत. प्रॉम्प्टरचं नाव लोकांना कळलं, तर समजावं की त्या दिवशी घात झाला.

आता शहराचं पहिलंवहिलं नाट्यगृह उभं राहिलं होतं आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. चार दिवसांपूर्वी ताईनं स्टूल स्वतः उचलून आणून डाव्या विंगेत ठेवलं होतं. आज येऊन बघते तर काळे पडदे, काळी भिंत, काळी जमीन, आणि स्टुलाचा पत्ता नाही.

सुतारकाका रंगमंचाच्या पुढच्या कडेला पालथे पडून काहीतरी बसवत होते. नाटकमंडळीचा प्रत्येक सेट आजवर त्यांच्याच हातचा.

"काका, माझं स्टूल कुठंय?"

काकांच्या तोंडात स्क्रू होते. ते त्यांनी सावकाश, एकेक करून काढले. माणसाला उत्तर द्यायचं नसलं की त्याला असे उद्योग सुचतात.

"स्टूल होय? असेल की."

"असेल म्हणजे? चालत गेलं का ते?"

"साहेब म्हणाले, विंगेत जुनं सामान नको. अंधारात कुणी धडपडलं तर जबाबदारी कुणाची?"

साहेब म्हणजे नाट्यगृहाचे नवे व्यवस्थापक. बाहेरून आणलेले, इस्त्रीचे, आणि जिथे तिथे नियमांचे कागद डकवणारे. विंगेत उजेड नको, विंगेत चहा नको, विंगेत विनाकारण माणूस नको. ताई विनाकारण माणूस होती की काय, हे अजून कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

"आणि हे काय बसवताय?"

"हे ना? दिवा आहे. बारकासा. पाहुण्यांना पायऱ्या दिसाव्यात म्हणून."

ताईनं खाली वाकून बघितलं. रंगमंचावरून प्रेक्षकांत उतरायला पायऱ्या होत्या त्या पार उजव्या टोकाला. दिव्याचं तोंड मात्र होतं पहिल्या रांगेच्या मधोमध असलेल्या खुर्चीवर. काका खोटं बोलत होते, आणि तेही सुतारासारखा सरळ माणूस असून वाकडं बोलत होते.  कुठेतरी पाणी मुरतंय, हे ताईनं ओळखलं.

आता ताईला एवढं लागावं असं काय होतं, ते सांगायला हवं. हे नाट्यगृह काही कुणी आयतं ताटात वाढलेलं नव्हतं. त्याच जागेवर पूर्वी भाजीच्या लिलावाची पत्र्याची शेड होती. सकाळी तिथे कोबीचे ढीग, आणि संध्याकाळी जागा झाडून, पाणी मारून दादाच्या मंडळीचं नाटक. दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ, मंडळीचा मुख्य नट आणि गावाचा लाडका. बाहेर ट्रक हॉर्न वाजवतायत, मागे जनरेटर थडथडतोय, पाठीमागच्या लोकांना अर्धी वाक्यं ऐकू येत नाहीत, तरी माणसं पोत्यांवर बसून नाटकं बघायची. डाव्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावून विंग केलेली, तिथे ताईचं स्टूल आणि डोक्यावर वायरीला लोंबणारा एक पिवळा बल्ब. वाचायला उजेड हवा म्हणून तो बल्ब ताईनं भांडून लावून घेतला होता.

नाट्यगृह हवं म्हणून दोघं बहीणभाऊ म्हातारे होईपर्यंत नगरपालिकेचे उंबरे झिजवत राहिले. एक साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. त्या जागेवर वाहनतळ करा म्हणणारे होते, दुकानं काढा म्हणणारे होते, आणि "नाटकानं काय पोट भरतं का?" असं विचारणारे तर ढिगानं होते. सभागृहात दादा उभा राहून बोलायचा आणि ताई त्याच्या समोरच्या बाकावर बसून ओठ हलवायची. कारण भाषण तिनं लिहिलेलं असायचं. "शहराला अशी एक जागा हवी," दादा म्हणायचा, "जिथे अनोळखी माणसं अंधारात एकमेकांशेजारी बसतील आणि एकाच गोष्टीला हसतील, एकाच गोष्टीला रडतील. रस्त्यावर हे होत नाही, बाजारात होत नाही." लोक टाळ्या वाजवायचे. दादाला.

ताईला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. तिला हवं होतं ते एवढंच, की नाट्यगृह झालं तर त्याच्या डाव्या विंगेत तिची जागा असावी. जन्मभर ज्या घरासाठी विटा वाहिल्या, त्यात आपल्याला टेकायला हातभर जागा मिळावी की नाही?

आणि ओठांचं म्हणाल तर ती जुनीच खोड. तिला एखादं वाक्य पाठ असलं आणि दुसरा कुणी ते म्हणायला लागला, की तिचे ओठ आपोआप हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. शाळेत कविता म्हणायला दुसरी मुलगी उभी राहिली तरी हिचे ओठ चालू. एवढंच काय, मनातलं गुपितसुद्धा ओठांवर येऊन बसायचं. दादा लहानपणापासून चिडवायचा, "छोटे, तुझ्या पोटात काही राहायचं नाही. तू तोंड मिटून बसलीस तरी आख्ख्या गल्लीला कळतं." ताई चिडायची, पण खोटं नव्हतं ते.

तर त्या दिवशी ताई घरी गेली ती एकेक गोष्ट आठवत. संशयाचं असंच असतं, एक धागा ओढला की आख्खा स्वेटर उसवतो. मागच्या महिन्यात सगळ्या मंडळीला नाट्यगृह दाखवायला नेलं होतं. बांधकामवाल्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की इथे रंगमंचावर कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं. मग काय, ज्यानं त्यानं टाळी वाजवून बघितली. टाळी अशी खणखणीत घुमली की शेडमध्ये जन्म काढलेली माणसं खुळ्यासारखी हसायला लागली. दादाही हसला. पण आधी त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग हसला. ज्याचं स्वप्न खरं झालंय तो माणूस असा इतरांकडे बघून हसतो का? त्याच्या मनात दुसरंच काही शिजत असणार, हे ताईला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग वहिनी. वहिनी म्हणजे दादाची बायको. तिनं आजवर नाटकात कधी नाक खुपसलं नव्हतं. तिला नाटकाची वेळ विचारली तरी ती म्हणायची, "त्यांनाच विचारा." आणि आता रोज तालमीला हजर. तालीम दादाच्या घरीच, पुढच्या खोलीत व्हायची. सगळे गोल करून बसायचे, ताई दादाच्या समोर. मध्येच कुणी बाजूनं काही विचारलं की वहिनी दादाची बाही ओढणार, त्याच्या समोर येऊन तोंडाशी तोंड नेऊन सांगणार. या वयात ही लाडीगोडी! ताई खोलीत शिरली की दोघांचं बोलणं बंद. एकदा तर ताईनं दारातूनच ऐकलं, वहिनी म्हणत होती, "तिला सांगून टाका ना एकदाचं." आणि दादा म्हणाला, "तिला सांगितलं की झालंच. उद्घाटन होऊ दे आधी."

आता बोला! यापेक्षा आणखी पुरावा तो काय हवा? तिचा पत्ता कट करायचा ठरला होता, फक्त सांगायचं धाडस नव्हतं. आणि कारणही ताईला दिसत होतं. नगरपालिकेच्या उद्घाटन समितीनं नवं कोरं नाटक मागितलं होतं. एक म्हातारा घड्याळजी, त्याचं दुकान रस्तारुंदीत जाणार असतं, अशी गोष्ट. दादाला लांबलचक स्वगतं. नवं नाट्यगृह, नवं नाटक, शहरातले बडे लोक समोर. त्यात विंगेत कुणी म्हातारी स्टुलावर बसून शब्द पुरवतेय, हे दादाला आता कमीपणाचं वाटत असणार. मोठ्या नटाला प्रॉम्प्टर लागतो हे दिसायला नको! नाही तर वहिनीलाच तयार केलं असेल तिच्या जागी.

तोंडावर विचारायचं म्हणून ती सकाळीच दादाकडे गेली. दादा मोरीपाशी आरशासमोर दाढी करत होता, पाठमोरा, नळ सुरू.

"दादा," ताई दारातून म्हणाली, "मला काढायचं असेल तर सरळ काढ. पण लपवाछपवी करू नकोस."

दादा गाल फुगवून वस्तरा फिरवत राहिला.

"ऐकतोयस ना? माझं स्टूल तूच हलवायला लावलंस ना?"

उत्तर नाही. तळपायाची आग मस्तकात गेली ताईच्या. एवढी वर्षं ज्याच्या तोंडात शब्द घातले, तो आपल्यालाच एक शब्द देईना. ती दोन पावलं पुढं झाली तशी आरशात दिसली, आणि दादा एकदम दचकला.

"अगं, तू कधी आलीस? बस ना. चहा घेशील?"

काय अभिनय! ताईला क्षणभर टाळी वाजवावीशी वाटली. जन्मभर नट म्हणून वावरलेल्या माणसाकडून आणखी कसली अपेक्षा करणार? तिनं विषय पुन्हा काढलाच नाही.

"उद्या दुपारी नाट्यगृहात तालीम आहे म्हणे," ती म्हणाली.

"ती नुसती दिव्यांची तालीम. तू येऊ नकोस, उगाच दमशील." दादानं तोंडावरचा साबण पुसला आणि जरा अडखळत म्हणाला, "आणि छोटे, एक सांगायचं होतं. उद्घाटनाला तू विंगेत नाही बसायचं. समितीनं तुझ्यासाठी मानाची खुर्ची ठेवलीय. पहिल्या रांगेत, मधोमध. मीच मागून घेतली."

"मानाची?"

"मग? तुझ्याशिवाय हे नाट्यगृह झालं असतं का?"

"आणि तू अडलास तर?"

"नाही अडणार," दादा म्हणाला. "तू फक्त समोर बस. शेवटपर्यंत बस. उठू नकोस मध्ये. एवढं ऐक माझं."

ताई तडक घरी आली. मखरात बसवणं म्हणतात ते हेच. हातातलं काम काढून घ्यायचं आणि वर सत्कार केल्याचा आव आणायचा. रागापेक्षा तिला रडूच जास्त आलं, पण रडून दाखवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तिनं भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तालमीला जायचं नाही असं ठरवून ती दुपारी बरोबर नाट्यगृहात पोचली. मागच्या दारानं आत गेली आणि शेवटच्या रांगेमागे उभी राहिली. समोर बघते तर काय! पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत वहिनी बसलेली. काकांचा तो बारका दिवा तिच्या तोंडावर. आणि दादा रंगमंचावरून वाकून बघतोय.

"थोडं खाली घ्या काका," वहिनी म्हणाली. "डोळ्यांवर येतंय. हां, आता?"

दादानं मान हलवली. "आता दिसतंय."

काय दिसतंय? कुणाला? ताईचा तोल सुटला आणि तिच्या तोंडून "वा!" असा उद्गार गेला. काका चपापले, वहिनी ताडकन उठून उभी राहिली. दादा मात्र दिव्याकडेच बघत होता. वहिनीनं हातानं खूण केली तेव्हा त्यानं वर बघितलं आणि चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"अगं, तुझ्या खुर्चीचंच बघतोय," वहिनी घाईघाईनं म्हणाली. "मानाची खुर्ची म्हणून जरा उजेड."

"असू दे, असू दे," ताई म्हणाली. "शोभेच्या वस्तूवर उजेड हवाच."

त्या रात्री तिनं मनाशी पक्कं केलं. खुर्चीत बसायचं नाही. आपण आपले डाव्या विंगेत उभं राहायचं, कुणालाही न सांगता. नव्या नाटकातली स्वगतं दादाला नीट बसलेली नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो कुठे ना कुठे अडकणार. अडकला की डावीकडे बघणारच, सवयच आहे त्याची. आणि तेव्हा ती शब्द देईल. देईल, पण जरा उशिरानं. थोडा घाम फुटू दे. आपली किंमत काय आहे ते एकदा कळू दे. मनात असं वाईट आलं, आणि ते आल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

खुर्चीचा पास तिनं टेलरबाईला दिला. टेलरबाई मंडळीचे कपडे शिवायची. स्वभावानं भोळी आणि नटण्याची भारी हौस.

"मी? पहिल्या रांगेत?" टेलरबाईचा विश्वासच बसेना. "आणि तुम्ही?"

"मला तिथून काही दिसत नाही. तू बस, दिव्याखाली मिरव."

उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं. कधी काळी वाहनतळ मागणारेसुद्धा ठेवणीतले कपडे घालून आले होते. ताई सामान आणायच्या दारानं आत शिरली आणि डाव्या विंगेत पडद्याच्या घडीआड रंगाची रिकामी बादली उपडी टाकून तिच्यावर बसली. विंगेत मिट्ट काळोख. स्वतःचा हात दिसेना. नगराध्यक्षांचं भाषण सुरू झालं. "शहराला अशी एक जागा हवी, जिथे अनोळखी माणसं अंधारात एकमेकांशेजारी बसतील..." ते म्हणत होते. अंधारात ताईचे ओठ हलत होते. वाक्य तिचं, आणि जागा मात्र बादलीवर. तिला हसू आलं, कडवट.

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, दादा आला.

पहिला अंक छान गेला. इतर नट त्याच्या समोर उभे राहून बोलत, दादा त्यांच्या तोंडाकडे बघून झेलत होता. ताईला कायमच दिसायचा तसा तो दिसत होता, एका बाजूनं. डावा गाल, डावा कान, कानावरून मागे वळवलेले पांढरे केस. फक्त एक गोष्ट तिला कळेना. तो सारखा पहिल्या रांगेकडे बघत होता. तिथे टेलरबाई दिव्याच्या उजेडात बसलेली. दादानं बघितलं की तिला वाटायचं आपल्याकडेच बघतोय, मग ती तोंडभर हसायची आणि केस नीट करायची. शेजारी वहिनी. तिचं लक्ष नाटकात नव्हतंच. ती माना वळवून वळवून मागे कुणाला तरी शोधत होती.

दुसऱ्या अंकात घड्याळजी एकटाच दुकानात उरतो. रंगमंचावर दुसरं कुणी नाही. भिंतीवर घड्याळं, आणि खाली दादा.

"लोक म्हणतात, दुकान गेलं," दादा म्हणाला. "दुकान कुठे जातंय?"

आणि थांबला.

ताईला कळलं. लेखकानं तिथे थांबायला सांगितलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं. अगदी गोड वाटलं. बघ, बघ म्हणावं आता डावीकडे.

दादानं डावीकडे बघितलं नाही. त्यानं टेलरबाईकडे बघितलं. टेलरबाई हसली.

आणखी जरा वेळ गेला. नाट्यगृहात खुर्च्या करकरल्या. आता पुरे, ताईनं स्वतःला बजावलं, आणि शब्द सोडला, नेहमीसारखा, नुसत्या श्वासावर. "दुकान इथेच राहील."

दादा हलला नाही.

"दुकान इथेच राहील," ताई पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्यानं. जिथे कुजबुज शेवटच्या रांगेत जाते, तिथे ते वाक्य पार मागेपर्यंत गेलं. मागून कुणीतरी खुसकन हसलं. ताईचे कान तापले. इतक्या वर्षांत तिचा आवाज कधी प्रेक्षकांत गेला नव्हता. आणि हा तरी कसला माणूस? ऐकू येऊनही घेत नाही? एवढा माज?

"दुकान इथेच राहील!" ती जवळजवळ ओरडली.

पहिल्या रांगेतल्या सगळ्या माना डाव्या विंगेकडे वळल्या. दादाची पापणीसुद्धा हलली नाही. वळलेल्या माना बघून मग त्यानं, सगळ्यांच्या नंतर, डावीकडे बघितलं. सरळ ताईकडे बघितलं. त्याचे डोळे अंधारात काहीतरी शोधत होते, चाचपडत होते, आणि ती चार पावलांवर असून त्यांना सापडत नव्हती. शेडमध्ये तो असाच बघायचा. तेव्हा तिच्या डोक्यावर पिवळा बल्ब असायचा.

त्याला ऐकू येत नव्हतं.

आजचं नव्हे ते. वाहता नळ, उशिरा आलेलं हसू, ओढलेली बाही, सगळं एकदमच तिच्या अंगावर आलं. शेडमध्ये ट्रक आणि जनरेटरच्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू यायचं नाही, म्हणून त्याचे कान गेल्याचं कुणाला कळलंच नव्हतं. तिलाही नाही. तिला वाटायचं, आपण किती हळू सांगतो आणि तरी ह्याला कसं पोचतं! पोचायचं ते तिच्या ओठांवरून. जन्मभर नाट्यगृह मागितलं, आणि कुजबुज ऐकू येणारं नाट्यगृह मिळालं तेव्हा याचे कान उरले नाहीत. समितीला कळलं असतं तर त्याला उभंच केलं नसतं. म्हणून तो दिवा. म्हणून ती खुर्ची. तिला काही सांगायची गरजच नव्हती. समोर बसली की तिचे ओठ हलणारच होते.

आणि तिनं ती खुर्ची रागानं वाटून टाकली होती.

ताई बादलीवरून उठली. आतून फिरून दारानं जायला वेळ नव्हता. पायऱ्या होत्या त्या पार उजव्या टोकाला. जी बाई जन्मात प्रेक्षकांना दिसली नव्हती, ती पडदा बाजूला सारून भर उजेडात आली, घरच्या चपला घालून, दादाच्या समोरून आख्खा रंगमंच चालत गेली. कुणाला वाटलं नाटकातलंच पात्र असेल. दादानं तिला बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ताईला खाली बघावं लागलं. ती पायऱ्या उतरली, मधल्या खुर्चीपाशी गेली.

"ऊठ," ती म्हणाली. टेलरबाई उठली.

"कुठे होतीस गं?" वहिनी रडवेली झाली होती. "तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून आख्ख्या गावानं वाचलं असतं..."

ताईनं तिच्याकडे बघितलंही नाही. ती दिव्याच्या उजेडात बसली, मान वर केली आणि आवाज न काढता ओठ हलवले.

"दुकान इथेच राहील," दादा म्हणाला. "जाणार तो मी."

नाट्यगृहात टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काय थांबला होता! दादाला त्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत. तो खुर्चीकडे बघत पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

ताई एकेक वाक्य देत गेली आणि तो घेत गेला. दादा नाटक करताना समोरून कसा दिसतो हे तिनं आजवर कधी बघितलंच नव्हतं. म्हातारा झाला होता. घाबरला होता. आणि तरी लोक ज्याच्यासाठी पोत्यांवर बसायचे, ते काय असतं ते तिला आत्ता कळलं. तिचे डोळे भरून वाहायला लागले. पाणी गालांवरून ओठांवर आलं, हनुवटीवरून गळ्यात गेलं. वहिनीनं रुमाल पुढे केला. ताईनं तो घेतला नाही. हात तोंडापुढे आला असता तर त्याला पुढचा शब्द दिसला नसता.